लिंबू धरणारा

आमच्या वस्तीवर पट्टा शिकवत असत, असं कुणी म्हणालं की मला जरा हसू येतं. शिकवत कोण होतं? माझे थोरले चुलते तात्या हे पट्ट्याचे वस्ताद होते खरे, पण ते दिवसभरात जेवढं बोलत त्यातलं निम्मं बैलांशी असे. उरलेल्या निम्म्यात ‘बघ’ हा शब्द सारखा येई. पाय कुठं टाकायचा, तात्या? बघ. खांदा किती वळवायचा? बघ. बघितलं, आता काय करू? परत बघ. हल्ली मंचरला रविवारी सकाळी मी पोरांचा वर्ग घेतो, तेव्हा पालक विचारतात, ‘सर, कोर्स किती महिन्यांचा? आधी काय घेता, नंतर काय घेता?’ मी गंभीर चेहरा करून काहीतरी सांगतो. आमच्या वस्तादांचा सगळा कोर्स एका शब्दाचा होता असं खरं सांगितलं, तर पुढच्या रविवारी मैदानात मी आणि माझं पोट एवढेच उरू.

ज्यांनी पट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तलवारीपेक्षा लांब, लवचीक, दोन्ही बाजूंनी धारेचं पातं, आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ. हात एकदा त्या खोळीत गेला की मनगट वळत नाही. सगळा खेळ खांद्याचा आणि पायांचा. फिरायला लागला की तो भुंग्यासारखा आवाज करतो, आणि त्या आवाजावरून पातं आत्ता कुठं आहे हे डोळे मिटूनही सांगता येतं. हे वाक्य पुढं लागणार आहे, म्हणून इथंच लिहून ठेवलं.

डिंगोऱ्याच्या शिवारात, डांबरी रस्त्यापासून आत आमची वस्ती. वडील टेम्पोवर, त्यामुळे ते कांद्याबरोबर निघत आणि रिकाम्या क्रेटांबरोबर परतत. घरात आई, मी आणि तात्या. तात्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पडवीचा एक कोपरा त्यांचा, जेवण आमच्या चुलीवरचं. थोरल्या दिराशी आई थेट बोलत नसे, आणि तात्याही तिच्याशी थेट बोलत नसत. भांडण कसलंच नव्हतं, रीतच तशी होती. मधे मी लागत असे. आई चुलीपासून म्हणायची, ‘त्यांना म्हणावं, भाकरी झाली.’ तात्या पडवीत, पाच पावलांवर. त्यांनी ते ऐकलेलं असे, हातसुद्धा धुतलेले असत. तरी ते माझ्याकडे बघत थांबायचे. मग मी म्हणायचो, ‘तात्या, भाकरी झाली.’ तेव्हा कुठं ते उठायचे. पोस्टाच्या पेटीला जर भूक लागत असती तर ती माझ्यासारखी दिसली असती.

दिवस कलला की घरापुढच्या खळ्यात पोरं जमत. नव्या पोरानं आधी खळ्यातले खडे वेचायचे आणि पाणी शिंपडायचं. मग रांगेत शेवटी उभं राहायचं. रांगेच्या तोंडाशी तात्या, पाठ आमच्याकडे. ते पाय टाकत, मागचा टाके, त्याच्या मागचा टाके. शेवटच्याला तात्या दिसतच नसत, त्याला फक्त पुढच्या पोराच्या टाचा दिसत. असं शिक्षण टाचांमधून टाचांत उतरत मागं येई. माझ्या पुढे सुदाम असे. शेजारच्या वस्तीवरचा, काटक, खारीसारखा चपळ. एका आठवड्यात सुदाम डावा पाय जरा फरपटत टाकू लागला. मला वाटलं, हा नवा पवित्रा दिसतोय. मीही फरपटायला लागलो. माझ्या मागचीही लागली. तात्यांनी एकदा मागं वळून बघितलं तर अर्धी रांग डावा पाय ओढत चाललेली. त्यांनी सगळ्यांच्या पायांकडं सावकाश बघितलं आणि विचारलं, ‘काटा नेमका कुणाला लागलाय?’ काटा सुदामच्या टाचेत होता. आम्ही बाकीचे फुकट लंगडत होतो. पण खोटं कशाला बोला, काटा काढल्यावर सुदाम नीट चालायला लागला तरी मला ती सवय जायला बरेच दिवस लागले, आणि आजही दमलो की डावा पाय मागं राहतो. बायको म्हणते वजनानं. मी म्हणतो परंपरेनं.

पाय बसले की काठी, आणि काठीनंतर कापायला गोल्टी, म्हणजे बाजारात कुणी घेत नाही तो बारका कांदा. तो ओंडक्यावर ठेवून बिनधारेच्या, सरावाच्या पट्ट्यानं कापायचा. आमच्या घरी तेव्हा भाजीत पडणारा कांदा कधी चिरलेला नसे, चेचलेला, सोललेला, अर्धवट तुटलेला असे. आई म्हणायची, ‘तुमच्या खेळापायी कालवणाला रोज निराळं तोंड येतंय.’ लिंबू मात्र फक्त वस्तादांनी कापायचं, आणि तेही माणसाच्या हातावरचं. गुडघ्यावर बसायचं, हात पुढं करायचा, तळव्यावर लिंबू. पट्टा भुणभुणत येतो, लिंबाचे दोन तुकडे होतात आणि पातं कातडीला शिवायच्या आत वर गेलेलं असतं. आमच्याकडचा नियम असा, की यात्रेत सगळ्या गावापुढं एकदा तरी वस्तादांसाठी लिंबू धरल्याशिवाय कुणाच्या हातात खरा पट्टा चढत नाही. तात्यांचं म्हणणं, पट्टा काय असतो ते खालून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणणं म्हणजे अर्थात त्यांनी हे इतक्या शब्दांत कधी सांगितलं नाही. ‘खालनं बघ,’ एवढंच.

यात्रेत लिंबू मीच धरत आलो. त्यात शौर्य काही नव्हतं. माझा तळवा पाटासारखा रुंद, आणि स्वभाव असा की भीती मला उशिरा पोचते. पट्टा येऊन गेलेला असे, लिंबू पडलेलं असे, लोक ओरडत असत आणि मग मला दरदरून घाम फुटे. तेवढ्या वेळात हात दगडासारखा स्थिर. पहिल्या वर्षी धरलं ते तात्यांना इतकं आवडलं की पुढच्या वर्षीही त्यांनी माझ्याकडंच बोट दाखवलं, मग तो पायंडाच पडला. नियमानं माझ्या हातात पट्टा केव्हाच चढायला हवा होता, पण माझे पाय बघून तात्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. सुदाम मला ‘लिंबूवाला’ म्हणे. मी त्याला ‘काट्या’ म्हणे. आमची मैत्री अशी होती.

कापलेल्या लिंबांचं आई लोणचं घाली. विहिरीवर लिंबाचं झाड होतं, आणि दिवाळीनंतर यात्रेची तयारी सुरू झाली की रोज संध्याकाळी तात्या माझ्या हातावरची लिंबं कापत. त्या फोडी आई मिठात टाकी. यात्रेच्या दिवशी पाहुण्यांपुढं मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी आणि हे लोणचं. पाहुणे फोड उचलून म्हणत, ‘वस्तादाच्या हातची का?’ जणू लोणचं तात्यांनीच घातलं होतं. आई आतून भांडं जरा जोरात आपटे, एवढंच तिचं त्यावर उत्तर.

त्या वर्षी दिवाळी झाली, सराव सुरू झाला, आणि थोड्याच दिवसांत एकदा आई फोडी हातात घेऊन खळ्याच्या कडेला आली. म्हणाली, ‘ही लिंबं कोण कापतंय? सुदाम का?’ मी म्हटलं, ‘तात्याच.’ तिनं दोन फोडी मला दाखवल्या. एक मोठी, एक टिकलीएवढी. लिंबू मधोमध कापलं जात नव्हतं, एका बाजूनं जात होतं. ‘लहान फोड आधी मुरती, मोठी मागं राहती,’ ती म्हणाली, ‘ह्यांची येगळी बरणी करायला लागंल.’ तिला बरणीची काळजी होती असं मला वाटलं. त्याच आठवड्यात पट्टा लिंबाच्या कडेला लागून माझ्या अंगठ्याच्या बुडाशी शिवून गेला. फार नाही, रेघ ओढावी तेवढं. तात्या म्हणाले, ‘हात हलला का रं?’ मी म्हटलं, ‘हलला आसंल.’ हात हलला नव्हता. माझ्या हातांबद्दल मला फार अभिमान नाही, पण हलत नाही हा त्यांचा एकच गुण होता, आणि मी तो त्या दिवशी नाकारला.

मग मी बघायला लागलो. लिंबाकडं बघायचं सोडून तात्यांच्या तोंडाकडं. वार करायच्या आधी ते मान किंचित कलती करून लिंबू शोधत. पूर्वी ते कधी शोधत नसत, लिंबू जिथं आहे तिथं ते त्यांना माहीत असे. आता त्यांची नजर माझ्या हाताच्या आसपास कुठंतरी टेके आणि पट्टा नेमका जिथं नजर टेकली तिथं येई. तेव्हा मी जे केलं ते ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पट्टा वर असताना त्याचा आवाज ऐकायचा, तात्यांचे डोळे बघायचे आणि हात गुपचूप तिथं न्यायचा. बोटभर, कधी दोन बोटं. पातं लिंबाला लागलं की तळवा तसाच थोडा खाली सोडायचा. एवढी वर्षं खालून बघत बसल्यामुळे पट्टा कुठं येणार हे मला तात्यांच्या आधी कळायला लागलं होतं. लिंबं परत मधोमध कापली जाऊ लागली. पोरांनी काही ओळखलं नाही. तात्यांनीही काही ओळखलं नाही, असं मला वाटत होतं.

आईनं ओळखलं. चार-आठ दिवस समान फोडी आल्यावर तिनं मला चुलीपाशी बसवलं, माझा अंगठा उलटा करून ती रेघ बघितली आणि विचारलं, ‘तू हात नेतोस ना लिंबू घिऊन?’ मी चुलीत काटकी सारली. ती म्हणाली, ‘त्यांना दिसंना झालंय.’ मी म्हटलं, ‘यात्रेपुरतं जाईल निभावून.’ ती म्हणाली, ‘हात तुझा हाय म्हणून तुला सोपं वाटतंय.’ मग भाकरी उलटली. विषय तेवढ्यावर थांबला.

सोपं वाटत होतं हे खरं. अवघड झालं ते सुदाममुळं. त्याचं चाकणला एका कारखान्यात कामाचं जमलं होतं, यात्रा झाली की तो जाणार होता. एका संध्याकाळी सगळ्यांदेखत तो तात्यांपुढं उभा राहिला. ‘तात्या, दरसाली लिंबू ह्योच धरतोय. माझी पाळी कवा? आता मी चाललो. पट्टा न घेता गेलो तर एवढी वर्षं काय खळं झाडायला येत व्हतो का?’ त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाला अडवणं फार कठीण असतं. मी म्हणालो, ‘यंदा मलाच धरू द्या.’ सगळे हसले. सुदाम म्हणाला, ‘राव, हात हाय का मानाचं ताट? उचलू दे की दुसऱ्याला.’ तात्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या दिशेनं बघितलं, आणि म्हणाले, ‘यात्रेत सुदाम धरंल.’

सुदामच्या हातात गुण खूप होते, पण तो हात वाट बघणारा नव्हता. शिवाय तो स्थिर धरणार, कारण धरायचं ते स्थिर धरायचं असंच सगळ्यांनी बघितलेलं. माझं गुपित त्याला सांगावं तर तात्यांची वस्तादकी खळ्यातच संपली. ‘तुमचे डोळे गेलेत’ हे वस्तादाला शिष्यानं सांगायचं कसं, ते आमच्या कोर्समधे नव्हतं. सांगू नये तर यात्रेत सुदामची बोटं जायची, आणि ती बोटं घेऊन त्याला कारखान्यात जायचं होतं. मी आईला म्हटलं, ‘तू सांग.’ ती म्हणाली, ‘मी कधी बोललेय का त्यांच्यासंगं?’ मी म्हटलं, ‘मग मी सांगतो तुझ्या नावानं.’ तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायला गेलो.

यात्रा तोंडावर आली होती. एका दुपारी तात्या जेवायला बसले. आईनं ताट लावलं, मी ते पडवीत नेलं. पिठलं, भाकरी, कांदा, आणि कडेला लोणच्याच्या दोन फोडी. एक अगदी अर्धी. दुसरी टिकलीएवढी, कलती. तात्या जेवताना ताटाकडं बघत नसत, बोटांनी चाचपत. त्यांचं बोट पहिल्या फोडीवर गेलं, मग दुसरीवर. पुन्हा पहिलीवर. मी खांबाला टेकून उभा होतो, मला तिथून हलता येईना. तात्यांनी मला विचारलं, ‘ही बारकी कवाची?’ आई आतून म्हणाली, ‘त्यांना सांग, दिवाळी झाल्या झाल्याची. तवा सगळी अशीच निघत व्हती.’ मी ते सांगितलं. ‘आन् ही दुसरी?’ ‘सांग, ती मागाहूनची.’ मी तेही सांगितलं. तात्यांनी दोन्ही फोडी बोटात धरून बराच वेळ फिरवल्या. दिवाळीपासून आपली नजर काही सुधारलेली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग लिंबं सुधारली कशी? त्यांनी बारकी फोड तोंडात टाकली, चावली, भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाले, ‘मीठ बरोबर हाय म्हणावं.’ आत भांडं आपटल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि पट्टा पोत्यात गुंडाळून आम्ही एसटीनं जुन्नरला गेलो, मुनीरचाचांकडं. चाचा धार लावणारे. कात्र्या, अडकित्ते, सुऱ्या आणि वर्षातून एकदा आमचा पट्टा. तात्या म्हणाले, ‘चाचा, धार बघा. लिंबू नीट कापत न्हाई.’ चाचांनी पातं उजेडात धरलं, नखावर टेकवलं, कागदाचा कपटा त्याच्यावर सोडला. कपटा दोन झाला. ‘वस्ताद, धारेत काय खोट न्हाई.’ चाचांनी त्यांच्या तोंडाकडं जरा बघितलं, मग पात्याचं टोक त्यांच्यापुढं आणून म्हणाले, ‘ह्या टोकाला एक चरा पडलाय बघा. दिसतोय का?’ तात्या वाकले. पातं जवळ घेतलं, लांब धरलं. ‘दिसतोय,’ म्हणाले. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी पात्याकडं बघितलं. पातं आरशासारखं साफ होतं. चाचांनी ते फडक्यानं पुसलं, पोत्यात गुंडाळून दिलं आणि पोराला हाक मारून चहा सांगितला. धारेचं पुन्हा नावही काढलं नाही.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीला बसले. बसायला तेच खिडकी मागत, बघायला कितपत मिळत होतं देव जाणे. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘चरा व्हता का?’ मी म्हणालो, ‘नव्हता.’ त्यांनी मान हलवली. पुढच्या स्टॉपला एक बाई भाजीची पाटी घेऊन चढली, तिला त्यांनी जागा दिली आणि उतरेपर्यंत दांडी धरून उभे राहिले.

यात्रेचा दिवस. सकाळी बैलगाड्यांची शर्यत झाली, धुरळा बसायला दुपार गेली. ऊन उतरल्यावर देवळापुढं आमच्यासाठी मोकळं रिंगण केलं. हलगी तापवून घेतली. लाउडस्पीकरवाल्यानं पुकारा केला, ‘आता पट्ट्याचा खेळ, वस्ताद आणि त्यांची मंडळी.’ मंडळी म्हणजे आम्ही. सुदामनं नवा पांढरा सदरा घातला होता. आई बायकांच्यात, पुढच्या रांगेत, पदर दातात धरून. ती कधी पुढच्या रांगेत बसत नसे.

तात्या पट्टा चढवून आत आले आणि खेळले. काय खेळले ते मी अजूनही पोरांना सांगतो आणि पोरं मोबाइल बघत ऐकतात. पायांना डोळे लागत नाहीत. त्यांचे पाय रिंगणात असे पडत होते जणू जमिनीनंच ते मागून घेतले. पट्टा डोक्यावर, पाठीमागं, गुडघ्याखालून, आणि सगळीकडून तो भुंगा. हलगीवाल्याला घाम सुटला. मग ते थांबले. सुदाम पुढं आला, गुडघ्यावर बसला, हात पुढं केला. त्याच्या तळव्यावर लिंबू मी ठेवलं. ठेवताना मी त्याला हळूच म्हणालो, ‘हात ढिला ठेव.’ तो म्हणाला, ‘तुझं काम झालं, बाजूला हो.’ हलगी वाजायला लागली. तात्यांनी पट्टा वर नेला. मान कलती झाली. मी पाय उचलला, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. मधे पडलो असतो तर बहुधा डाव्या पायावर पडलो असतो.

पट्टा वरच राहिला. मग तात्यांनी तो सावकाश खाली आणला, खोळीतून हात काढला, आणि हलगीवाल्याला बोटानं थांब म्हटलं. ‘सुदाम, ऊठ.’

सुदामचं तोंड उतरलं. ‘तात्या, पाळी माझी हाय.’

‘हाय तुझीच. ह्याचं झालं की लगीच तू.’ आणि पट्टा त्यांनी माझ्यापुढं धरला. ‘घाल.’

‘तात्या, मी?’

‘एवढी वर्सं बघितलंस ना?’

भीती उशिरा पोचते म्हटलं ना. हात खोळीत गेला, आतून ती तात्यांच्या घामानं ओली आणि गरम होती. तात्या गुडघ्यावर बसले. वस्ताद गुडघ्यावर बसलेला गावानं कधी पाहिला नव्हता, सगळी यात्रा गप झाली, पाळण्यांचा करकर आवाज तेवढा येत होता. त्यांनी तळव्यावर लिंबू ठेवलं, हात पुढं केला आणि माझ्याकडं नाही, जरा वर, पट्ट्याच्या दिशेनं तोंड केलं. कान पुढं केल्यासारखं. हलगी सुरू झाली. मी पट्टा फिरवला. खालून इतकी वर्षं बघितलेली गोष्ट वरून अगदी परकी दिसते, लिंबू वाटाण्याएवढं आणि हात केवढा तरी. नेमकी त्याच वेळी भीती पोचली. शेवटच्या फेऱ्याला माझे डोळे मिटले. मिटले म्हणजे मिटलेच.

उघडले तेव्हा दोन फोडी मातीत पडलेल्या होत्या आणि तात्या तळवा झटकत होते. लोक ओरडले, लाउडस्पीकरवाला काहीतरी म्हणाला, त्यात ‘लिंबूवाला’ एवढं मला ऐकू आलं. मग लगेच सुदाम बसला. त्याचा हात दगडासारखा. या खेपेला मी डोळे उघडे ठेवले, तात्या माझ्या मागं उभे होते, आणि पट्टा खाली आला तसं ते म्हणाले, ‘बघ.’ लिंबू एका बाजूनं गेलं, पण गेलं. सुदामनं सगळी बोटं वळवून बघितली आणि सदऱ्याला हात पुसला. तात्यांनी त्याच रिंगणात त्याला पट्टा चढवला. चाकणला जाताना तो मला म्हणाला, ‘तुझ्या हातनं गेलो असतो राव मी.’ त्याला अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं मी त्याला तात्या गेल्यावर सांगितलं. तो बराच वेळ बोटांकडं बघत बसला होता.

संध्याकाळी पाहुणे जेवून उठल्यावर आई त्या चारही फोडी ताटलीत घेऊन बसली. एका लिंबाच्या दोन फोडी अगदी सारख्या. ‘ही कुणाच्या हातावरची?’ मी म्हटलं, ‘तात्यांच्या.’ आणि मला ते तेव्हा कळलं. मिटल्या डोळ्यांनी मी ते लिंबू मधोमध कापणं शक्य नव्हतं. पडवीतून तात्या म्हणाले, ‘ह्यानं डोळं मिटलं व्हतं, पट्ट्याच्या आवाजावरनंच कळलं. मग लिंबानं जायला पायजे का न्हाई पट्ट्याकडं?’ जरा थांबून म्हणाले, ‘माझा वस्ताद बी हात न्यायचा. ह्यालाच एकट्याला येतंय असं ह्याला वाटतंय.’ मी आईकडं बघितलं, ती काय सांगते ते पोचवायला. ती माझ्याकडं न बघता, दाराकडं तोंड करून म्हणाली, ‘भावजी, आता मंचरला डोळं दाखवा.’ पोस्टाच्या पेटीची गरज संपली होती. तात्या म्हणाले, ‘दाखवतो.’ मोतीबिंदू निघाला. पुढं त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला, पण पट्टा त्यांनी पुन्हा चढवला नाही. ते लिंबू धरत. कितीतरी पोरांना आपण फार चांगलं कापतो असं वाटायला लागलं ते त्यांच्यामुळं.

आता मंचरला मीही तेच करतो. मोठी झालेली, हात बसलेली पोरं असतील त्यांच्यासाठी मी गुडघ्यावर बसतो, म्हणजे आधी एक गुडघा, मग थोडी विश्रांती, मग दुसरा. पोरगं पट्टा फिरवतं, मी आवाज ऐकतो आणि हात नेतो. लिंबू कापलं जातं, पोरगं मोबाइलवाल्या मित्राकडं बघतं, की नीट आलं का. त्याला मी काही सांगत नाही. फोडी घरी येतात, बायको लोणचं घालते. आमच्याकडे मधे कुणी पोस्टाची पेटी नाही, तिला जे म्हणायचं ते ती तोंडावर म्हणते, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. परवा मात्र तिनं काही न बोलता माझ्या ताटात लोणच्याच्या दोन फोडी वाढल्या. एक गेल्या वर्षीची, अगदी अर्धी. एक यंदाची, टिकलीएवढी, कलती.

मी दोन्ही बोटांनी चाचपून बघितल्या. येत्या रविवारी लिंबू कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातावर द्यावं लागेल, आणि कुणाच्या हातावर, ते आता बघायला हवं. मग मी बारकी फोड तोंडात टाकली आणि म्हणालो, मीठ बरोबर आहे.